मदत हवी आहे: कॅनडाला जावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो. मी ३८, नवरा ४१, मुलगी पाचवीत. देश सोडायचा विचार पगारासाठी नाही. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. मत दिलेला माणूस उद्या कुठल्या गटात असेल याचा भरवसा उरला नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, मग कित्येक वर्षं आमच्या वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. याचा मला खरंच त्रास होतो. मुलगी मोठी होईल तेव्हा काय उरलं असेल?

एक्स्प्रेस एंट्रीत (कॅनडात कायम राहायला जाणाऱ्यांची गुणांवर होणारी निवड) तिशीपासून वयाचे गुण घटतात, ४५ला शून्य, म्हणून घाई. पण तिथलं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) मतदान करता येत नाही. ते मला नको आहे. नुसत्या पीआरवर (नागरिकत्व न घेता कायम राहण्याचा परवाना) भारतीय पासपोर्ट आणि मत दोन्ही राहतं (मत मात्र इथे येऊनच द्यावं लागतं), पण दर पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात.

असं फक्त पीआरवर राहिलेलं कोणी आहे का? सासूबाई एकट्या इथे राहतील, त्यांचं कसं जमवलंत? आणि याच काळजीने गेलेल्यांची काळजी तिथे जाऊन कमी झाली का? कृपया मोकळेपणाने सांगा.