टॉवेल गुंडाळण्याआधी उंची बघा
काखेत रग लागते म्हणून तुम्ही कुबड्यांना टॉवेल गुंडाळलाय. त्याने दोन दिवस बरं वाटेल, पण दुखण्याचं मूळ बहुधा उंचीत आहे.

माझा घोटा मोडला तेव्हा मीही हेच केलं होतं. दुकानदाराने अंदाजाने दिलेल्या कुबड्यांवर लटकत चालायचो. आठवड्याभरात बोटांना मुंग्या! फिजिओथेरपिस्ट बाईंनी बघितल्या बघितल्या कुबड्या दोन भोकं खाली घेतल्या. भार तळहातांवर यायला हवा. काखेवर आला की हाताकडे जाणारी नस दबते. घरात जी चप्पल घालता ती घालून सरळ उभे राहा. काख आणि कुबडीची वरची गादी यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. कुबडीची धरायची मूठ खाली सोडलेल्या हाताच्या मनगटाच्या रेषेत हवी, म्हणजे धरल्यावर कोपर २०-३० अंश वाकतं. गादी बरगड्यांशी दाबून धरायची.

कोपरापर्यंतच्या कुबड्या सुटसुटीत असतात, काखेचा प्रश्नच नाही. पण मनगटात जोर आणि तोल दोन्ही लागतं. वयस्कर माणसाला मी वॉकरच सुचवेन, तोही डॉक्टरांना विचारून.

कुबड्यांच्या टोकाचे रबरी बूट झिजले की लगेच बदला, ओल्या मोरीत ते दगा देतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी.

आणि हो, दोन्ही हात अडकलेले असताना चहाचा कप काही नेता येत नाही. मी घट्ट झाकणाची बाटली शबनममध्ये टाकून घरभर फिरायचो.