मदत हवी आहे: तिसरीच्या मुलांना 'सीतेची आसवं' कशी समजावू?

नमस्कार. मी राजापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या मागेच जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार आहे. श्रावणात त्याच्यावर सीतेची आसवं फुलतात आणि गणपतीपर्यंत कातळाचे पट्टेच्या पट्टे निळेजांभळे दिसतात. पाऊस उघडला की वर्गाला तिथे न्यायचं आहे.

ही वनस्पती कीटक खाते हे मुलांना ऐकून माहीत आहे. दोघातिघांनी मोबाइलवर माशीवर पान मिटणारं झाड पाहिलंय. त्यामुळे सगळ्यांची खात्री आहे की हे फूलही माशी बसली की मिटणार. एकीला तर मधमाशीची काळजी लागली आहे. खरी शिकार मातीखाली चालते, ती दाखवायची तर रोप उपटावं लागेल, आणि तेच मला नको आहे. एकाने उपटलं की तीसजण उपटतात. न उपटता कसं दाखवू? आणि हे झाड सड्यावरच का, शाळेच्या बागेत का नाही, हे आठ वर्षांच्या मुलाला कोणत्या शब्दांत सांगू?

प्रतिसाद

ताई, मधमाशीपासूनच सुरुवात करा. वरचं फूल मधमाशीला बोलावतं, कारण त्याला बी धरायचं असतं. ते कुणालाही खात नाही. खाण्याचं काम खाली, ओल्या मातीतल्या दोऱ्यासारख्या फांद्यांवर. तिथे जेमतेम मिलिमीटरभर आकाराच्या पिशव्या असतात. या झाडाला खरी मुळं नसतातच. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, तिच्या भिंती आत ओढल्या जातात आणि दार बंद असतं. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराजवळच्या केसांना लागला की दार उघडतं, भिंती फुगतात आणि पाण्याबरोबर तोही आत जातो. पापणी लवायच्या आत सगळं संपतं.

दाखवायला औषधाचा ड्रॉपर पुरेल. रबर दाबून टोक पाण्यात धरायचं आणि सोडायचं. पाण्यात थोडे तीळ टाकले तर एखादा आत ओढला जाताना दिसेल. टोक रुंद असलेला ड्रॉपर घ्या, नाहीतर तीळ अडकतो. हे प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने करू द्या.

प्रतिसाद

वरच्यात थोडी भर. सड्यावर दवबिंदू नावाचं कीटक खाणारं दुसरं छोटं झाड सापडतंय का बघा. त्याच्या पानांवर चिकट थेंब असतात आणि त्यात अडकलेलं चिलट नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तिथेही पकडतं ते पान, फूल नाही. ही दोन्ही झाडं एकाच दिवशी दाखवलीत तर मुलांचा गोंधळ तिथल्या तिथे मिटेल.

सड्याबद्दल मी असं सांगेन: इथे माती बोटभर, तीही खळग्यांत. कोकणातला पाऊस तिच्यातलं पोषण धुऊन नेतो. झाडाला नत्र हवं, मातीत ते नाही, म्हणून ते जिवांतून मिळवतं. बागेतल्या सुपीक मातीत मोठी झाडं आणि गवत त्याला झाकून टाकतील. इथे मात्र मोठं झाड उभंच राहू शकत नाही, म्हणून या इवल्याशा झाडाला ऊन मिळतं. शेजारी गेंद नावाच्या छोट्या रोपाची पांढरी बोंडं असतील, तीही दाखवा. साताऱ्याच्या कास पठारावर, जे 2012 पासून जागतिक वारशात आहे, हीच सोबत दिसते. आपल्या शाळेमागे तेच आहे हे मुलांना जरूर सांगा. गावात सड्याला पडीक म्हणतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दवबिंदू उद्याच शोधते. मे महिन्यात त्याच जागी परत न्यावं का? तेव्हा काहीच नसतं.

प्रतिसाद

जरूर न्या, पण सकाळी लवकर. पाणी आटलं की झाड बी टाकून मरतं, बी मात्र त्याच भेगांत पावसाची वाट पाहतं. आत्ता जागेचा फोटो काढून ठेवा, मे महिन्यात मुलांनाच ती ओळखायला लावा. आणि फुलांच्या दिवसांत उघड्या कातळावरूनच चालवा, ओल्या खळग्यांत पाय नको. भिंग घेऊन कडेला वाकलं तरी फूल छान दिसतं.