इंग्लिशचे खरे नियम शाळेत कुणी शिकवतच नाही का?

परळची_टीचर:
मी संध्याकाळी सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या मुलांचं इंग्लिश घेते. परवा एकीने बेस्टच्या बसवर निबंध लिहिला, त्यात 'रेड ओल्ड बिग बस' होतं, मी ते 'बिग ओल्ड रेड बस' केलं तर लगेच विचारते, का? कानाला तसं बरोबर वाटतं, यापुढे मला काही सांगता येईना. मराठीत मोठी लाल बस म्हणा नाहीतर लाल मोठी बस म्हणा, एवढं खटकत नाही. आमच्याकडून टेन्स, आर्टिकल्स, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह सगळं घोटून घेतलं पण हा क्रम कुणी सांगितल्याचं आठवत नाही. याला नियम आहे का? आणि अशा अजून गमती माहीत असतील तर टाका ना, मुलं अशा गोष्टींवर जाम खूष असतात.

चाळकरी:
आहे नियम आणि भारी आहे. आधी आपलं मत, मग साइज, वय, आकार, रंग, कुठलं, कशाचं आणि शेवटी कशासाठी. आमच्या गिरगावच्या घरातलं टेबल घ्या, नाइस बिग ओल्ड स्क्वेअर ब्राउन बर्मीज टीक डायनिंग टेबल. यातला ब्राउन उचलून नाइसच्या आधी टाका, लगेच कानाला टोचतं. इंग्लंडमधल्या पोरांना हे बसून कुणी शिकवत नाही, बोलता बोलता येतं. आपण चहाबिहा, पाऊसबिऊस म्हणतो, तो 'बि' लावायला कुठल्या शाळेत गेलो होतो?

अपवाद तर अजून मस्त. गोष्टीतला लांडगा 'बिग बॅड वुल्फ' असतो. मत आधी या हिशोबाने 'बॅड बिग' पाहिजे ना? पण तिथे दुसरा नियम आडवा येतो. टिक-टॉक, डिंग-डाँग, झिग-झॅग, फ्लिप-फ्लॉप, पहिल्यांदा 'इ' आणि मग 'ॲ' किंवा 'ऑ'. टॉक-टिक म्हणून बघा, जमतच नाही. बिग-बॅड याच चालीवर बसतं असं भाषेचे अभ्यासक सांगतात.

मुलुंड_स्लो:
आणि जे नियम छडी घेऊन शिकवले त्यातले काही लॅटिनवरून आणून बसवलेले आहेत. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन नको हे ऐकलंय ना? १६७२ मध्ये ड्रायडन या कवीने बेन जॉन्सन या नाटककाराच्या लिखाणात ही चूक काढली आणि नंतर स्वतःच्या जुन्या लेखातली तसली वाक्यंही बदलली. त्याच्या आधीपासून लोक तसं सर्रास बोलत होते, आजही बोलतात. दादरला कुणी 'फ्रॉम विच प्लॅटफॉर्म' विचारत नाही, 'विच प्लॅटफॉर्म डझ इट लीव्ह फ्रॉम' असंच येतं तोंडात. 'टू' आणि क्रियापदाच्या मधे शब्द घालू नका, हेही तसलंच. लॅटिनमध्ये ते रूप एकाच शब्दाचं, मधे काही घालायला जागाच नाही, इंग्लिशमध्ये आहे तर का नाही घालायचं? मुलांना हे नक्की सांगा टीचर, नाहीतर चांगली वाक्यं उगाच वाकडी करत बसतात.

फोर्ट_ड्राफ्टिंग:
मी ॲग्रीमेंट ड्राफ्ट करतो त्यामुळे माझा जीव स्वल्पविरामात अडकलेला. अमेरिकेत मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हर लोकांची केस झाली ती मुलांना सांगाच. ओव्हरटाइम कुठल्या कामांना नाही याची कायद्यात यादी होती, कॅनिंग, प्रोसेसिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग वगैरे आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. शिपमेंटच्या पुढे कॉमा नाही. कंपनी म्हणाली डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम आहे, ड्रायव्हर तेच करतात, ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले छे, इथे पॅकिंग हे एकच काम आहे, शिपमेंटसाठीचं किंवा डिस्ट्रिब्यूशनसाठीचं, आणि आम्ही पॅकिंग करतच नाही. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो, यादीतलं प्रत्येक काम 'इंग'ने संपतं, मग डिस्ट्रिब्यूशन हे काम असतं तर 'डिस्ट्रिब्यूटिंग' लिहिलं असतं ना! मार्च २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध धरून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ ला ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. निकालानंतर कायदा दुरुस्त केला तर यादीत सेमीकोलन घातले. आपल्या मराठीत ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात कोशकार मेजर कँडी वगैरेंच्या प्रयत्नांनी रुळली, म्हणजे कॉमाची ही डोकेदुखी आपण पण घेतलेली आहे.

दादर_टीटी:
सगळं पटलं पण हल्ली इंग्लिशमध्ये एका माणसाला 'दे' (they) म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. एकवचन ते एकवचन.

मुलुंड_स्लो:
@दादर_टीटी अहो ते हल्लीचं नाहीये, चौदाव्या शतकातल्या लिखाणात पण सापडतं. ट्रेनमध्ये कुणाची छत्री राहिली तर 'समवन लेफ्ट देअर अंब्रेला' म्हणताना तुम्हालाही खटकणार नाही. आणि 'यू' चं काय? तो मुळात अनेकवचनी, एकवचन होतं 'दाऊ'. मान द्यायला एकट्यालाही यू म्हणता म्हणता बोलीभाषा वगळता दाऊ गायबच झाला, म्हणजे आपला 'तू' जाऊन सगळे 'तुम्ही' व्हावेत तसं. म्हणून आजही एकट्या माणसाला 'यू आर' म्हणतो, 'यू इज' नाही. तिथे तुम्ही एकवचन मागत नाही ना?

दादर_टीटी:
@मुलुंड_स्लो हे यूचं डोक्यात नव्हतं आलं. छत्रीचं मान्य, पण ज्याचं नाव माहितीये त्याला 'दे' म्हणायला मला अजून जड जातं.

चाळकरी:
टीचर, शिवाजी पार्कला खेळायला जाणारी पोरं असतील तर हे पण घ्या. 'अंपायर' हा शब्द आधी 'न' ने सुरू व्हायचा, जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ साधारण बरोबरीत नसलेला, म्हणजे दोघांच्या वादातला तिसरा. 'अ नंपायर' बोलता बोलता लोकांना 'ॲन अंपायर' ऐकू यायला लागलं आणि न कायमचा आर्टिकलला चिकटला. एप्रनचं पण तेच, आधी नेप्रन होतं. आणि 'न्यूट' नावाचा पालीसारखा दिसणारा प्राणी आहे त्याचं बरोब्बर उलटं, 'ॲन यूट' चा न त्याने पळवला.