एम३४०आय ची टेस्ट ड्राइव्ह: फॉर्मवर सही करावी का?

प्रश्न: पुण्यात बीएमडब्ल्यू एम३४०आय चालवून बघायचीय. शोरूमवाले लायसन्सची प्रत आणि नुकसानभरपाईच्या फॉर्मवर सही मागतायत. करावी का?

उत्तर १: सही बहुतेक ठिकाणी मागतात. रकमेची मर्यादा तेवढी नीट वाचा. १५०० सीसीवरच्या गाडीच्या क्लेममध्ये सक्तीची कपात (विमा कंपनी देत नाही, आपण भरायचा तो भाग) २,००० रुपये असते. तेवढी मान्य करा. ‘सर्व नुकसान’ असं मोघम लिहिलं असेल तर खोडायला लावा. डेमो गाडीची आरसी आणि विम्याची तारीखही बघा.

उत्तर २: लाँच कंट्रोलचा (थांबलेली गाडी पूर्ण ताकदीने सुसाट सोडणारी सोय) आग्रह नको. सेल्समन करू देणार नाही, आणि इंजिन ऑइल गरम झाल्याशिवाय करूही नये. त्यापेक्षा एकच स्पीडब्रेकर कम्फर्ट आणि स्पोर्ट मोडमध्ये घ्या, सस्पेन्शन लगेच कळतं.

उत्तर ३: टेस्ट ड्राइव्हला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे कशाला? तिथेही मर्यादा १०० चीच. ४० ते ८० चा पिकअप बघा, पुरे.