रंगनाथनांच्या फॅसेटची ऑन्टोलॉजी: क्लास करायचे की प्रॉपर्टी?

करवीर_वाचक: एमलिबच्या (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) प्रोजेक्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पीएमईएसटी मांडणी, म्हणजे पुस्तकाचा विषय पाच पैलूंत (फॅसेटमध्ये) फोडायची पद्धत, प्रोटेजेमध्ये बसवतेय. प्रोटेजे म्हणजे ऑन्टोलॉजी (संकल्पना आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी मांडणी) बनवायचं सॉफ्टवेअर. पर्सनॅलिटी, मॅटर, एनर्जी, स्पेस, टाइम असे पाच क्लास (गट) केले, एकमेकांशी डिसजॉइंट, म्हणजे एकच गोष्ट दोन गटांत असू शकत नाही. नमुन्याला कोल्हापुरी चपलांवरची पुस्तकं. चप्पल पर्सनॅलिटी, कातडं मॅटर, कमावणं एनर्जी, इथवर झकास. पण पुढचं पुस्तक निव्वळ कातड्यावरचं, तिथं कातडंच पर्सनॅलिटी होतंय आणि रीझनर (मांडणीतला तर्क तपासणारा प्रोग्राम) चालवला की इनकन्सिस्टंट (परस्परविरोधी) म्हणून बोंबलतोय. डिसजॉइंट काढून टाकू का?

रंकाळा_डेटा: काढलंस तर बोंब थांबेल, पण मग कुठल्या पुस्तकात कातडं काय म्हणून आलंय तेच कळायचं नाही की ताई. फॅसेट म्हणजे भूमिका. तालमीत वस्ताद असलेला माणूस सासुरवाडीत जावईच असतो. 'विषय' हा क्लास कर, प्रत्येक पुस्तकाचा विषय हा त्या क्लासमधला इंडिव्हिज्युअल (एक नोंद) आणि पाच फॅसेट ह्या त्याच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टी (एका नोंदीला दुसरीशी जोडणारी नाती). कातडं एकदाच नोंदव, एका विषयाला मॅटर म्हणून जोड, दुसऱ्याला पर्सनॅलिटी म्हणून.

आणि स्पेसमध्ये कोल्हापूर हा महाराष्ट्राचा सबक्लास (उपगट) केला असशील तर तोही काढ, कारण त्याचा अर्थ प्रत्येक कोल्हापूर हा एक महाराष्ट्र असा होतो 😀 ती उतरंड स्कॉस ह्या संकल्पना-याद्यांच्या स्टँडर्डमधल्या ब्रॉडर (व्यापक संकल्पना दाखवणारं नातं) नं दाखव, डब्ल्यूथ्रीसीनं (वेबची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) 2009 ला ते स्टँडर्ड ह्याच कामासाठी काढलंय.

जुना_ग्रंथपाल: रंकाळा म्हणतात ते बरोबर. माझी भर एवढीच की वर्गांक (पुस्तकाला दिलेला वर्गीकरणाचा नंबर) हीच संकल्पनेची ओळख धरू नका. रंगनाथन कल्पना, शब्द आणि अंकन ही तीन पातळ्यांची कामं वेगळी ठेवायचे. त्यांच्या कोलन वर्गीकरणाच्या 1933 च्या पहिल्या आवृत्तीत सगळे फॅसेट कोलननंच जोडलेले, पुढं प्रत्येक फॅसेटला वेगळं चिन्ह आलं, म्हणजे विषय तोच राहिला आणि नंबर बदलला. नंबर स्कॉसच्या नोटेशनमध्ये टाका. फॅसेटचा क्रमही ओडब्ल्यूएल (ऑन्टोलॉजी लिहायची भाषा) लक्षात ठेवत नाही, तो वर्गांक तयार करताना स्क्रिप्टनं लावावा लागतो.

करवीर_वाचक: थँक्यू दादा, थँक्यू सर. मग टाइमला 'शाहू महाराजांचा काळ' असं नुसतं लिहिलं तर चालेल?

रंकाळा_डेटा: लेबल म्हणून चालेल की. पण त्या काळाचा वेगळा इंडिव्हिज्युअल कर आणि सुरुवात 1894, शेवट 1922 अशा दोन डेटा प्रॉपर्टी (आकडा किंवा मजकूर धरणाऱ्या) दे, नाहीतर 1900 ते 1910 मधलं काय काय आहे असं कुणी विचारलं तर क्वेरीला ते पुस्तक सापडणारच नाही.