झाडाचंच जनुक घातलं की फवारा सुटला म्हणे!

काळी माती:
काल इथं एकानं ठोकून दिलं, "कीड हाणायचं जनुक झाडातच असतंय, ते दुसऱ्या पिकात घातलं की फवारणी संपली. बीटी कापूस म्हणजे तेच." तेच नव्हे! बीटीचं क्राय जनुक, म्हणजे अळीला मारणारं विष बनवणारं, ते जिवाणूचं. झाडाची हत्यारं म्हणजे किडीचे पाचकरस अडवणारे चवळीतला ट्रिप्सिनरोधक, राजम्यातला अमायलेजरोधक, आणि लसणातलं लेक्टिन नावाचं प्रथिन. चवळीचं जनुक १९८७ सालीच तंबाखूत घालून दाखवलं, निपाणीकरांनी नोंद घ्यावी. अळी लगेच मरत नाही. पचन अडतं, वाढ खुंटते. पण घाटेअळीच्या आतड्यात रोधकाला न जुमानणारे प्रोटीएज (प्रथिनं पचवणारे पाचकरस) तयार होतात आणि खाणं चालूच राहतं.

निपाणीकर:
नोंद घेतली, आभार. पण जनुक उचलूनच घालायला पाहिजे असं कुणी सांगितलं? ज्वारीची खोडमाशी बघा. अंडी पानाच्या खालच्या अंगाला घालते, अळी सरकत पोंग्यात शिरते, मग पोंगामर, म्हणजे मधला पोंगाच वाळतो. रोपाचं पान चकचकीत आणि खाली लव असली की अंडीही कमी, अळीची वाटही अवघड. साध्या संकरानं होतंय की.

काळी माती:
होतंय, पण किती? लव, चकाकी, रोपाचा जोम, सगळं अनेक जनुकांवर. सहा वेळा मूळ वाणाशी उलटसंकर केला तर ९९ टक्के मूळ वाण परत येतो, पण हव्या जनुकाला चिकटून नको ते शेजारीही येतात. आणि सगळ्या शिवारात तोच वाण असला की माशी नाइलाजानं त्यावरच अंडी घालते.

मलप्रभा काठ:
जनुकाचं सोडा. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी यायची. किती जणांनी कडेला पेरली? बहुतेकांनी बांधावर फेकली. साध्या झाडावरचे पतंग उरले तर बीटीला न जुमानणाऱ्या प्रतिकारक पतंगाशी जुळतात, पिल्लं बीटीवर मरतात. आश्रयच नाही, मग बोंडअळी पक्की होणारच.

हिरण्यकेशी:
हे काय बोलालासा? सगळं खापर शेतकऱ्यावर? आपल्याकडं बीटी आलं ते संकरित बियाण्यात, दरवर्षी विकत घ्यायला लागावं म्हणून. त्या झाडात जनुकाची एकच प्रत. बोंडातल्या चार सरक्यांत एक बिनजनुकाची. गुलाबी अळी सरकीच खाते! एकाच बोंडात विषारी, बिनविषारी दोन्ही चाखून ती तयार होते. त्यात तिला खायला जवळजवळ कापूसच. घाटेअळीला तूर, हरभरा तरी असतो. गुजरातेत २०१० च्या सुमारास ही अळी बियाण्यातल्या पहिल्या क्राय विषाला दाद देईना, पुढं नंतर जोडलेल्या दुसऱ्यालाही. पुडीनं काय वाचणार होतं?

मलप्रभा काठ:
वा, म्हणजे पुडी फेकणारे साधुसंत! एका प्रतीचा मुद्दा मान्य, तेवढाच. आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभं पीक, कोण ठेवतंय, कंपनी? पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत पऱ्हाट्या उभ्या, अळी पिढ्यावर पिढ्या काढते.

निपाणीकर:
भांडा कापसावर. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं आपल्या कुडची वांग्यात क्राय घातलं होतं. २००९ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या जनुक तपासणाऱ्या समितीची मंजुरी, २०१० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची स्थगिती. बांगलादेशात २०१४ पासून बीटी वांगी पिकतात.

हिरण्यकेशी:
म्हणजे तिथं शेंडा आणि फळ पोखरणारी अळी कधी पक्की होते ते बघत बसा.

काळी माती:
धागा झाडाच्या जनुकांचा होता, एवढंच आठवून देतो. आणि फरदडीचं मलप्रभावाले बरोबर बोलतात, नाइलाजानं म्हणतोय. २० हिरवी बोंडं फोडा. दोनांत जरी अळी दिसली तर फवारा काढाच.