मुंबईच्या सीमेन्स लोकल भुसावळ–चाळीसगाव मार्गावर आणाव्यात का?

तापीकाठ

9 जून 2025 ला दिवा–मुंब्रा दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडले. त्यानंतर रेल्वेने ठरवलं की मुंबईसाठी यापुढे बनणाऱ्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील. म्हणजे आज ना उद्या उघड्या दाराच्या गाड्या मुंबईतून हटणार. त्यातल्या सीमेन्सच्या गाड्या भंगारात काढण्यासारख्या नाहीत. या गाड्या नोव्हेंबर 2007 पासून धावू लागल्या. डबे पेरांबूरच्या कारखान्यातले, वीजयंत्रणा सीमेन्सची. थ्री फेज मोटरी आहेत, ब्रेक लावताना तयार होणारी वीज तारेत परत जाते, छतावर हवा खेळवणारे पंखे आहेत. मुंबईत तेव्हा 1500 व्होल्ट डीसी होतं म्हणून दोन्ही विजेवर चालतील अशा बनवल्या. आपल्याकडे सगळीकडे 25 हजार व्होल्ट एसी आहे, तेव्हा विजेची अडचण नाही.

भुसावळ–जळगाव–पाचोरा–चाळीसगाव अपडाऊन करणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ अशी गाडी मिळाली तर काय हरकत आहे? मेमूत (इंजिनाशिवाय विजेवर धावणारी आपल्याकडची पॅसेंजर) चार डब्यांमागे एक मोटर डबा, लोकलमध्ये तीन डब्यांमागे एक. गाडी झटकन उचलते, लहान स्टेशनांवर थांबूनही वेळ जात नाही. माझं मत स्पष्ट आहे, आणाव्यात.

लूपलाइन

झटकन उचलते हे खरं, पण त्याचा फायदा कुठे होतो ते बघा. 12 डब्यांच्या सीमेन्स गाडीचं त्वरण सेकंदाला सेकंद 0.54 मीटर. या हिशेबाने 40 च्या वेगाला पोचायला 20-21 सेकंद लागतात. पुढे वेग वाढेल तसा जोर कमी होतो. दर दोन-अडीच किलोमीटरला थांबा असेल तिथे हे सोनं आहे, कारण गाडीचा अर्धा वेळ उचलण्यात आणि थांबण्यातच जातो.

आता आपला रस्ता घ्या. भुसावळ ते चाळीसगाव साधारण 117 किलोमीटर. मध्ये भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा, गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी. म्हणजे दोन थांब्यांमध्ये सरासरी पावणेदहा किलोमीटर. दर थांब्याला फार तर 20-30 सेकंद वाचतील. बारा वेळा गाडी उचलायची म्हटली तरी पाच-सहा मिनिटं.

तेवढी मिनिटं एका लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, जातात. मागून सुपरफास्ट आली की पॅसेंजर लूपला घेतात. साध्या काट्यावर, म्हणजे रूळ बदलतो तिथे, वेग 30 चा. लूपची लांबी आणि गाडीची लांबी मिळून साडेनऊशे मीटर धरा, ते 30 ने पार करायला जवळपास दोन मिनिटं, 100 ने गेली असती तर 34 सेकंद. वर सुपरफास्ट पुढे निघून पुढचा सेक्शन मोकळा होईपर्यंत उभं राहायचं, ते वेगळंच. दोनदा असं झालं की मोटरी सीमेन्सच्या असोत की कुणाच्याही, गाडी उशिराच.

खान्देशी_ठेचा

मुंबईनं जुनं सामान आमले कसाले? उघड्या दारामुळे माणसं पडतात म्हणून तिथून काढणार, आणि तीच उघडी दारं आपल्याला? आपल्याकडे दारात लोंबकळणारे नाहीत असं कुणी म्हणत असेल तर त्याने सकाळी जळगावला उतरणारी गर्दी बघावी.

पासवाला

ठेचाभाऊंचा राग समजतो, पण तो मुद्दा मेमूलाही लागू आहे. मेमूची दारंही उघडीच असतात.

मला तापीकाठ यांच्या बाजूने एक गोष्ट मांडायची आहे, ती इथे कुणी बोललं नाही. आठ डब्यांच्या मेमूत मोटर डबे दोनच. त्यातला एक बिघडून बंद ठेवावा लागला की निम्मा जोर गेला. गाडी भरलेली असेल तर रखडत जाते आणि मागच्या मालगाड्यांची रांग लागते. 12 डब्यांच्या लोकलमध्ये मोटर डबे चार, एक बंद पडला तरी तीन ओढतात. वेळापत्रक साधारण सांभाळता येतं. गाडीचं त्वरण किती यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण पासवाल्याचं नुकसान पाच मिनिटांच्या उशिराने होत नाही, गाडी मध्येच बसली की होतं.

ओव्हरहेड

तर मग 12 डब्यांची मेमू मागा, तीन मोटर डबे मिळतील. त्यासाठी मुंबईची गाडी कशाला?

मूळ प्रस्तावातल्या अडचणी एकेक करून सांगतो, कारण त्या मोटरीत नाहीत, डब्याच्या मापात आहेत.

मुंबई लोकलचा डबा 3.66 मीटर रुंद, आपला नेहमीचा प्रवासी डबा सुमारे 3.25. म्हणजे दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेंटिमीटर जास्त. कागदावर थोडंच वाटतं. पण जिथे जिथे रुळाशेजारी काही उभं आहे, म्हणजे फलाटाची कड, फलाटावरच्या छपराचे खांब, पुलाचे गर्डर, सिग्नल, तारेचे खांब, ते सगळं मोजावं लागतं. वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला झुकतात, तेही धरावं लागतं. नव्या प्रकारची गाडी सेक्शनवर चालवायला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते आणि ती या मोजमापाशिवाय मिळत नाही.

दुसरं, फलाट. लोकलची फरशी रुळापासून सुमारे 1.2 मीटर उंच. उंच फलाट 76 ते 84 सेंटिमीटरचा, मुंबईत तोही अपुरा पडला म्हणून 90-92 पर्यंत वाढवत नेला. मध्यम फलाट 45.5 सेंटिमीटर, आणि सर्वात खालचा तर रुळाच्याच पातळीला. मेमूच्या दाराखाली पायऱ्या असतात, ती खालच्या फलाटावर चालून जाते. लोकल मुळात उंच फलाटासाठी बनवलेली. मध्यम फलाटावरून पाऊण मीटर चढायचं, तेही डोक्यावर भाजीची पाटी घेऊन? तेव्हा आधी लहान स्टेशनांचे फलाट भरून, कडेचे दगड नव्याने बसवून उंच करा. तो खर्च गाडीच्या नावावर दिसत नाही, पण करावाच लागतो.

तिसरं, शौचालय. लोकलमध्ये नाही. थ्री फेज मेमूच्या ट्रेलर डब्यात (बिनमोटरच्या) असतं. भुसावळ–चाळीसगाव सर्व थांबे घेत दोन तासांच्या वर, आणि लूपला पडली तर अडीच.

तापीकाठ

फलाटांचा मुद्दा मान्य, पण उंच फलाट आज ना उद्या सगळीकडे करायचेच आहेत. म्हाताऱ्या माणसांना मेमूच्या त्या अरुंद पायऱ्याही सोप्या नाहीत. शौचालयासाठी एका ट्रेलर डब्यात फेरफार करता येतो.

रुंदीचं म्हणाल तर कोलकात्याकडच्या लोकलही रुंदच, आणि हावडा–बर्धमान मुख्य मार्गावर त्या मेल-एक्सप्रेसच्या बरोबरीने धावतात. म्हणजे अशक्य काही नाही.

लूपलाइन

हावडा–बर्धमानवर उपनगरी गाड्या कित्येक दशकं धावत आल्या आहेत. तिथले फलाट आणि अंतरं त्या गाडीसाठीच आहेत. आपण उलट करतोय, आधी गाडी आणि मग रस्ता.

ओव्हरहेड

आणि गाडी रिकामी कधी होणार तेही बघा. लोकलच्या डब्याचं ठरलेलं आयुष्य 25 वर्षं. 2007 ची गाडी 2032 ला संपते. त्याआधी मुंबई ती सोडेल असं वाटत नाही, तिथे आजही गाड्या कमीच पडतात. 2032 नंतर मिळेल ती मुंबईच्या गर्दीत पंचवीस वर्षं झिजलेली आणि पावसाळ्यात रुळावरचं पाणी खाल्लेली. मुंबईतलं सगळं डीसी एप्रिल 2016 मध्ये हार्बरवर संपलं. तेव्हापासून तिच्यातली डीसीची यंत्रणा नुसतं वजन आहे.

दुरुस्ती कुठे करणार? मध्य रेल्वेच्या लोकल कारशेड कुर्ला, कळवा आणि सानपाड्याला, मोठी दुरुस्ती माटुंग्याला. भुसावळला विद्युत इंजिनांची शेड आहे, कारखाना आहे, माणसं कसलेली आहेत, पण इंजिनाची शेड म्हणजे लोकलची कारशेड नव्हे. पूर्ण लांबीचा खड्डा लागतो, डबे एकदम उचलणारे जॅक लागतात, सुटे भाग लागतात. एक कन्व्हर्टर (मोटरींना वीज पुरवणारं यंत्र) गेला की गाडी सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर ओढत न्यायची, मध्ये कसाऱ्याचा घाट. दोन गाड्यांसाठी हा संसार कोण मांडेल?

शटल_धुळे

सगळे मेन लाइनवरच भांडताय. चाळीसगाव–धुळे 56 किलोमीटरची शाखा आहे, तिथे मेमू धावते. या जातीच्या गाडीचा खरा फायदा तिथे दिसतो आणि तो त्वरणाचा नाही. इंजिनाची गाडी धुळ्याला आली की इंजिन सोडा, दुसऱ्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला लावा, ब्रेकची तपासणी करा. मेमूत लोको पायलट चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी परत निघते. एकेरी मार्गावर हा वाचलेला पाव-अर्धा तास म्हणजे दिवसाकाठी एखादी जादा फेरी बसू शकते. पण त्यासाठी मेमू पुरते, मुंबईची लोकल नको.

पासवाला

बरोबर. आणि नंदुरबारकडचे लोक या धाग्यात नाहीत म्हणून त्यांचंही सांगतो. जळगाव–उधना दुहेरीकरण 2018 ला पूर्ण झालं. अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार या पट्ट्यात अपडाऊन वाढलंय. पण जळगाव सोडून पाळधीकडे निघालं की पश्चिम रेल्वे. भुसावळ–नंदुरबार अशी सलग गाडी मागितली की रेक (डब्यांचा संच) कुणाचा, कर्मचारी कुणाचे, इथपासून सुरुवात. तिथे तर गाडीची जात हा शेवटचा प्रश्न.

खान्देशी_ठेचा

मे महिन्यात आपल्याकडे 44-45 ला पारा जातो. छतावरचे पंखे बाहेरची तीच गरम हवा आत ढकलणार. मुंबईत ते गर्दीतली कोंडलेली हवा बाहेर काढायला लावले, थंडाव्यासाठी नाही. मागायचंच तर अहमदाबाद–भुज मार्गावर सप्टेंबर 2024 ला सुरू झाली तशी वातानुकूलित, बंद दाराची नमो भारत मागा.

पासवाला

तिचं भाडं बघितलंत का? आपल्याला पासवर चालणारी गाडी पाहिजे. मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो, चाळीसगाव–भुसावळ त्यात बसतं.

लूपलाइन

निवेदन द्यायचंच असेल तर "लोकल द्या" असं लिहू नका. उत्तर ठरलेलं आहे, हा उपनगरी विभाग नाही. त्यापेक्षा असं लिहा: 12 डब्यांचा थ्री फेज मेमू रेक, सकाळी जळगावला कार्यालयीन वेळेआधी पोचणारी एक फेरी, संध्याकाळी परत एक, आणि त्या दोन फेऱ्यांना पाचोरा ते जळगाव लूपला न घेण्याची अट. ही शेवटची अट सर्वात अवघड आहे, म्हणून ती पहिली लिहा.

तापीकाठ

सही करीन. फक्त त्यात शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे या चारही ठिकाणी उंच फलाट हेही घाला. मेमू आली तरी ते लागणारच आहेत, आणि ते झाले की सीमेन्सचा विषय मी पुन्हा काढणार.